लाल गोळी आणि परळच्या बायकांचं ताट



मागच्या भागात आपण रक्त कमी असण्याबद्दल बोललो. तो भाग ऐकून एका बचत गटातल्या ताईंनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "रक्त वाढायला लोह लागतं हे कळलं. मग गोळ्यांच्या पाकिटावर लोहाच्या शेजारी ते फॉलिक अॅसिड कशाला लिहिलंय?" आणि दुसरा : "बाईला किती लोह लागतं, हे ठरवलं कुणी? आम्हाला तर कुणी विचारायला आलं नव्हतं."

आम्हाला हे प्रश्न फार आवडले. उत्तर शोधायला बसलो आणि थेट मुंबईत, परळला जाऊन पोचलो. तिथे सुमारे पंचाण्णव वर्षांपूर्वी खरोखरच कुणीतरी बायकांना विचारायला गेलं होतं. आज ती हकीकत सांगतो.

आधी तेव्हाचं परळ डोळ्यांसमोर आणू या. परळ, लालबाग, शिवडी, वरळी या सगळ्या भागाला गिरणगाव म्हणत. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि चाळी जाग्या व्हायच्या. कामाला आलेली माणसं आपलीच. कुणी रत्नागिरीचं, कुणी साताऱ्याचं, कुणी घाटावरच्या दुष्काळी गावातलं. आजही आपल्यापैकी कितीजणींच्या घरात कुणी आजा, कुणी आजी गिरणीत होती. गिरणीत बायकाही काम करत. १९२० च्या सुमाराला कामगारांत साधारण पाचांत एक बाई असे. त्या जास्त करून सुताच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात असत. दिवसभर उभं राहून सूत गुंडाळायचं, मग खोलीवर येऊन चूल पेटवायची. गरोदर बाईही शेवटपर्यंत कामावर जायची, कारण खाडा झाला की पगार बुडायचा.

या बायकांची विचारपूस पहिल्यांदा सुरू झाली ती त्याच दशकात. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारी 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. आई कामावर असताना बाळानं झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी देतात, हेही त्यात नोंदलेलं आहे. हे वाचून आयांना दोष देणं सोपं आहे. पण खोलीत बाळाजवळ बसायला कुणी नव्हतं आणि गिरणी थांबणार नव्हती, हेही लक्षात घेतलं पाहिजे. पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेत कामगार बाईला भत्ता मिळावा म्हणून विधेयक आलं. परळच्या चाळीत राहून काम केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. १९२९ साली तो कायदा झाला.

म्हणजे बाळंतिणीला विश्रांती हवी, हे निदान कागदावर आलं. पण एक गोष्ट कायद्यानं सुटणारी नव्हती. गरोदरपणी कितीतरी बायका पांढऱ्याफटक पडत. पायऱ्या चढताना धाप लागे, अंगावर सूज येई, आणि बाळंतपणात किंवा त्याच्या आधीच त्या दगावत. रक्त इतकं पातळ झालेलं असे की बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नसे. असं का होतं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

याचा शोध घ्यायचं काम डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी अंगावर घेतलं. या मूळच्या स्कॉटलंडच्या. १८९२ सालापासून हिंदुस्थानात बायकांच्या दवाखान्यांतून काम करत होत्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरी परत जाण्याऐवजी त्या मुंबईत राहिल्या आणि बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी करू लागल्या. या कामात रक्ताचा अभ्यास करणारं माणूस हवं, म्हणून त्यांनी लंडनहून डॉ. ल्युसी विल्स यांना बोलावून घेतलं.

ल्युसी विल्स १९२८ साली मुंबईला आल्या, तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलं होतं. त्या काळी केंब्रिज बायकांना शिकू द्यायचं, परीक्षेला बसू द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही! पुढे लंडनला बायकांसाठी असलेल्या वैद्यकीय शाळेत शिकून १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. त्या परळला आल्या त्याच वर्षी गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने भोंगे बंद. अशा वर्षात चाळीतल्या चुलींची काय अवस्था असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विल्स यांचं काम चालायचं परळच्या हाफकिन संस्थेत. ही जागा पूर्वी गव्हर्नर साहेबांचा बंगला होती. १८९९ साली तिथे प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला हाफकिन हे नाव मिळालं. जवळच १९२६ साली केईएम रुग्णालय आणि वाडिया प्रसूतिगृह उघडलं होतं. म्हणजे एकाच टापूत गिरण्या, चाळी, रुग्णालयं आणि प्रयोगशाळा.

विल्स यांनी आजारी बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. लोह कमी पडलं तर रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. पण या बायकांच्या रक्तात लाल पेशी फार थोड्या होत्या, आणि होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. म्हणजे हा आजार लोहाच्या कमतरतेचा नव्हता, आणि नुसत्या लोहाच्या औषधानं तो बरा होत नव्हता.

आधी वाटलं, एखादा जंतू असेल. त्यांनी तो शोधला, सापडला नाही. मग त्यांनी जे केलं ते आम्हाला या सगळ्या गोष्टीत मोलाचं वाटतं. त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. तळपदे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा जागेत राहतात, याची पाहणी केली. ती १९३० साली छापली गेली. त्यात दिसलं की खाणं आणि हा पांडुरोग यांचा संबंध आहे. ज्यांच्या ताटात सगळ्यात कमी, त्या गरीब मुसलमान घरांतल्या बायकांना हा आजार सगळ्यात जास्त. त्यांच्या धर्माचा यात काही दोष नव्हता. गरिबी होती, घराबाहेर पडायला मिळत नव्हतं आणि ताट रिकामं होतं.

ताटच कारणीभूत आहे का, हे ताडून बघायला विल्स यांनी तेच ताट उंदरांना घातलं. पांढऱ्या उंदरांना या बायकांसारखं खाणं दिलं. माद्या गाभण राहिल्या की त्यांचंही रक्त उतरू लागलं. त्याच खाण्यात यीस्ट मिसळलं, तर रक्त उतरत नव्हतं. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला वापरतात ते किण्व.

पुढे यात एक घोळ निघाला. उंदरांचा आजार खरं तर उवांमधून पसरलेल्या एका जंतूमुळे होता! दुसरं कुणी असतं तर इथेच हात टेकले असते. विल्स यांनी मग माकडांवर पाहिलं. मुंबईच्या बायकांसारखं खाणं खाऊन माकड खंगलं. त्याला मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिला आणि ते सावरलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळा, घट्ट, खारट लेप. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खातात. महाग औषध नव्हे, किराणा दुकानातली बरणी.

मग हे मार्माइट आजारी बायकांना दिलं. थोड्याच दिवसांत रक्तात कोवळ्या लाल पेशी दिसायला लागल्या, भूक लागली, अंगात ताकद आली. जून १९३१ मध्ये विल्स यांनी हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापलं. यीस्टमध्ये रक्त घडवणारं काहीतरी आहे, एवढं सिद्ध झालं. ते नेमकं काय, हे ठाऊक नव्हतं, म्हणून लोक त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले.

दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचं नाव ठेवलं फॉलिक अॅसिड. १९४५ साली ते कारखान्यात तयार करता आलं. ज्या प्रयोगशाळेत हे झालं, तिथले प्रमुख होते आपल्याच आंध्रातून गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. मार्माइटमधला रक्त घडवणारा घटक हाच, हे मग स्पष्ट झालं.

तर ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. रक्त घडायला लोह लागतं तसं पानातलं हे सत्त्वही लागतं. १९७० साली सरकारनं गरोदर बायकांना गोळ्या वाटायला सुरुवात केली तेव्हापासून दोन्ही एकाच गोळीत असतात. आजच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड आहे. पाकिटावरचं ते दुसरं नाव परळच्या बायकांच्या रिकाम्या ताटातून आलंय.

आता दुसरा प्रश्न. बाईला लोह किती लागतं, हे कसं मोजतात?

बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. लोहाचा जमाखर्च असतो. लंडनमध्ये मॅकन्स आणि एल्सी विडोसन या दोघांनी १९३७ साली दाखवलं की शरीर लोह सहसा बाहेर टाकत नाही. आत किती घ्यायचं, यावरच त्याचा ताबा असतो. मग जेवढं लोह जातं तेवढं भरून काढायचं, एवढाच हिशेब उरतो.

जातं कुठून? आतड्यातल्या आणि कातडीच्या झडणाऱ्या पेशींतून बाईचं दिवसाला साधारण पाऊण मिलिग्रॅम लोह जातं. पुरुषाचंही असंच जातं. पण बाईचा आणखी एक खर्च आहे, पाळीचा. हा मोजायला स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात हॉलबर्ग यांच्या गटानं चारशेहून जास्त बायकांचे वापरलेले पॅड गोळा केले आणि त्यातलं रक्त रसायनानं मोजलं. ते काम १९६६ साली छापलं गेलं. ज्या गोष्टीबद्दल बायका आपसातही कुजबुजून बोलतात, ती तिथे चक्क तोलली गेली. आपल्याकडे हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या आपटे आणि वेंकटाचलम यांनी १९६३ सालीच भारतीय बायकांचं लोह किती जातं, याचा अभ्यास छापला होता.

पाळीत सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे चहाचे सहा ते आठ छोटे चमचे. त्यातलं लोह महिन्याच्या दिवसांवर वाटलं तर दिवसाला अर्धा मिलिग्रॅम होतं. पाऊण आणि अर्धा मिळून सव्वा मिलिग्रॅम. एवढं रोज भरून निघालं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, एवढुसं? पण इथेच मेख आहे. आपण खातो त्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही. आपल्या भाकरी, डाळ, भाताच्या जेवणातलं शंभरातलं जेमतेम आठ भाग लागतं. दोनशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरीत बारा-तेरा मिलिग्रॅम लोह असतं, पण अंगी लागतं एक मिलिग्रॅम. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली जे प्रमाण दिलं, त्यात सरासरी बाईच्या खाण्यात दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह हवं असं म्हटलं.

पण तुम्ही सरासरी बाई आहात का? गोथेनबर्गला दिसलं होतं की काही बायकांचं रक्त सरासरीच्या दुपटीहून जास्त जातं, आणि त्यांना वाटत असतं की सगळ्यांचंच एवढं जात असेल. अशा बायकांनाही पुरावं म्हणून त्याच परिषदेनं शिफारस ठेवली २९ मिलिग्रॅमची. पुरुषाला १९. म्हणजे घरात सगळ्यात जास्त लोह कुणाच्या ताटात हवं? जिला पाळी येते तिच्या.

गरोदर बाईला तर वेगळाच खर्च. पाळी थांबते खरी, पण बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त मिळून नऊ महिन्यांत सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागतं. शरीर हुशार असतं, त्या काळात खाण्यातलं लोह जास्त ओढून घेतं. तरी साठा आधीच रिकामा असेल तर ते पुरत नाही. म्हणून तिला रोज गोळी, १८० दिवस.

ल्युसी विल्सही पुढे या प्रश्नाकडे वळल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, अन्नावर रेशन होतं. १९४४ साली त्यांच्या रुग्णालयावरच बॉम्ब पडला. त्या काळात रेशनच्या खाण्यावर गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन किती राहतं आणि नियमित लोह दिल्यानं काय फरक पडतो, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मोजलं. १९४७ साली ते छापलं. १९६४ साली त्या वारल्या.

आता परत परळ-लालबागला येऊ. विल्स गेल्या, गिरण्या चालू राहिल्या. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालायला बायका घरात खानावळी चालवत. दहा-बारा माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, आणि सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं आपण खायचं. या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या तावडीतून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आज आपण बचत गटात जे करतो, त्याची ही एक थोरली बहीण.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. हाफकिनमध्ये बाईचं ताट मोजलं गेलं. पण घराघरात ते कोण मोजतं? चारजणांचं जेवण झाल्यावर भाजीच्या पातेल्यात काय उरतं, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीपेक्षा प्रमाण वाढलंय. पन्नास वर्षं गोळ्या वाटूनही असं का? गोळी घरात येते, पण पोटात जात नाही, हे एक कारण. मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून बायका ती डब्यात ठेवून देतात. काळं होणं साधं असतं, त्याला घाबरू नका. आणि दुसरं कारण ते पातेलं.

म्हणून या महिन्यात गटाच्या बैठकीत चार गोष्टी करू या.

पहिली, प्रत्येकीनं आपलं हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं आणि आकडा स्वतः लिहून ठेवायचा. "ठीक आहे" एवढ्यावर परत यायचं नाही, आकडा विचारायचा. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. गरोदर असाल तर ११ च्या खाली. सातच्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरी, पाळीत फार अंगावर जात असेल, गाठी पडत असतील, तर ते बोलायचं. लोहाचा खर्च तिथे होतोय. लोह भरून काढायचंच, पण गळतीही थांबवायला हवी.

तिसरी, जेवणावर लिंबू पिळायचं, मटकी-मूग मोड आणून खायचे, पालेभाजी फार वेळ उकळून तिचं पाणी फेकायचं नाही. फॉलिक अॅसिड उष्णतेनं आणि पाण्याबरोबर निघून जातं. चहा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर नको, तो लोह अडवतो. गोळीही चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, तर आणखी गोळ्या गिळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. बी-१२ कमी असेल, जंत असतील, सिकल सेलसारखा आजार असेल. परळच्या बायकांचंही दुखणं एकट्या लोहानं बरं झालं नव्हतं.

आणि चौथी, एक आठवडा रोज रात्री लिहून ठेवायचं, आज माझ्या ताटात काय होतं. घरातल्यांच्या नाही, माझ्या. सात दिवसांनी ते कागद बैठकीत मांडायचे आणि एकमेकींना वाचून दाखवायचे.

विल्स आणि तळपदे यांनी १९३० साली मुंबईत हेच केलं होतं. ते कागद आमच्यापर्यंत पोचवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर, मैत्रिणींनो, आज रात्री भाजी आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्या. नमस्कार.